मांजराने व्रत घेतलेलं नसतं



मांजर पाळणाऱ्या जैन बाईला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "उंदीर मारते का हो ती?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "तिला खायला काय घालता?" पहिला प्रश्न बोलायचा म्हणून विचारलेला असतो. दुसरा तसा नसतो. विचारणारीच्या डोळ्यांसमोर तिच्याच अंगणात येणारं एखादं पिल्लू असतं. म्हणून या दुसऱ्या प्रश्नावर एकदा मोकळेपणाने लिहिते.

पण आधी थोडं कौतुक, कारण त्याशिवाय मांजराच्या घरातलं बोलणं सुरूच होत नाही. आमच्याकडे दोन आहेत. मनी पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेली, आणि पिंट्या हा बोका आपणहून राहायला आलेला. घडी घातलेल्या कपड्यांच्या चळतीत मंदिरात नेसायची साडी नेमकी कोणती, हे मनीला कळतं आणि ती तिच्यावरच बसते. स्वाध्यायाला ग्रंथ उघडला की चौरंगाजवळ येऊन मान वाकडी करून पाहते, म्हणून आता वाचताना तिच्यासाठी शेजारी एक जुना पंचा अंथरलेला असतो. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं मात्र ती हलत नाही. सासूबाई म्हणतात, घरात स्थिर बसणारी हीच एक.

आपण सूर्यास्ताआधी ताटं आवरतो आणि नेमका तेव्हा हिचा दिवस उजाडतो. मांजराची जात पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडणारी. दिवसाचे बारा ते सोळा तास झोप झाल्यावर तिला कंटाळा येणार नाही तर काय! मग पडद्यावर चढणं, रिकाम्या खोक्यात शिरणं, टेबलावरचं पेन एकेक टिचकी मारत कडेपर्यंत नेऊन खाली पाडणं आणि पडलं की आपल्याकडे पाहणं. मोठी मांजरं आपापसांत फारशी म्याव करत नाहीत, ते बरंचसं आपल्यासाठीच राखलेलं बोलणं असतं, हे वाचल्यापासून मी पिंट्याला दरवेळी उत्तर देते. आणि गोडाची चव मांजराला कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक तिच्यात बिघडलेलं असतं. सणाला शिरा-बासुंदी उघडी राहिली तरी मनी ढुंकून पाहत नाही. पाहिलंच तर सायीसाठी.

एका बाबतीत आपली घरं मांजराला फार सोयीची आहेत. कांदा आणि लसूण तिला विषासारखे, त्याने तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. आपल्याकडे तो धोका मुळातच नाही! पण डोकेदुखीची पॅरासिटामॉलची गोळी खाली पडली तर लगेच उचला, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फुलदाणीत लिलीही ठेवू नका, तिने मूत्रपिंडं निकामी होतात.

आता खाण्याचं. आपल्या शास्त्राने याकडे डोळेझाक केलेली नाही. कार्तिकेयानुप्रेक्षेत अनर्थदंडाचं वर्णन करताना मांजरासारखे प्राणी पाळणं हे शस्त्रं विकण्याच्या पंक्तीला बसवलं आहे. कुणी म्हणतं, तो उल्लेख शिकारीसाठी पाळण्यापुरता असेल. असा सोयीचा अर्थ काढायला माझं मन घेत नाही. मांजर शिकारी आहे आणि आचार्यांना ते नीट ठाऊक होतं. म्हणून माझं पहिलं मत असं, की हौस म्हणून दुकानातून पर्शियन मांजर विकत आणणं हे श्राविकेचं काम नव्हे. गरज नसताना मांसाहारी जीव जन्माला घालण्याच्या धंद्याला पैसे देणं, आणि तेही चपट्या नाकापायी श्वासाचा त्रास सोसणारा जीव, हा चोख अनर्थदंड आहे.

दारात येऊन पडलेल्या जिवाची गोष्ट वेगळी. त्याला आपण बोलावलेलं नसतं, पण हाकललं तर त्याचं काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे अनुकंपा आली. आणि एकदा उंबऱ्याच्या आत घेतलं की तो जीव आपल्यावर अवलंबून असतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण हे पाच घोकून पाठ केले आणि शेवटच्याचा अर्थ "जनावराला उपाशी ठेवू नये" एवढाच लिहिला. पण पोट भरलेलं असूनही उपाशी ठेवता येतं. दूध-भात आणि दूध-पोळीवर वाढवलेलं मांजर हे त्याचं उदाहरण.

टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते प्राणिज अन्नातूनच मिळतं. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू सैल पडतो आणि डोळ्यांचा पडदाही खराब होतो. हृदयाचा हा संबंध 1987 साली अमेरिकेत सिद्ध झाला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. गाजर-भोपळ्यातून आपल्याला मिळतं तसं अ जीवनसत्त्वही तिला मिळत नाही. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतच नाही, जुलाब होतात. "आमची मनी शुद्ध शाकाहारी आहे" असं कौतुकाने सांगणाऱ्या घरातलं मांजर बहुधा शेजारच्या गच्चीवर जेवून आलेलं असतं, नाहीतर आतून खंगत असतं.

कृत्रिम टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्य मिळतं, हे मला माहीत आहे. ज्यांना तो मार्ग घ्यायचा असेल त्यांनी तो पशुवैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावा. वनस्पतिज खाण्याने लघवी अल्कधर्मी होण्याकडे कल असतो, खडे होतात, आणि बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. पिंट्याच्या बाबतीत मी ती जोखीम घेतलेली नाही.

म्हणजे आमच्या घरात मासळीचं खाद्य येतं. येतंच. व्हरांड्यातल्या बंद डब्यात राहतं. त्याची वाटी-चमचा वेगळा, धुणं अंगणातल्या नळावर, स्वयंपाकघराच्या ओट्याशी त्याचा संबंध नाही. माणसांसाठी मारलेल्या प्राण्यांचे उरलेले भाग त्यात असतात, तेव्हा आपल्यामुळे नवी हिंसा होत नाही, अशी एक पळवाट मला सुचवली गेली. ती मला मान्य नाही. कृत-कारित-अनुमोदना आपण लहानपणापासून शिकलोय. पैसे मोजून पाकीट घेतलं की दोष लागलाच. तो मी पुसून टाकत नाही, प्रतिक्रमणात त्याचा उच्चार करते. फक्त माझ्या व्रताची किंमत मनीच्या हृदयाने मोजावी, हे मला त्याहून मोठं पाप वाटतं. सासूबाईंना हे अर्धंच पटलंय. त्या डब्याला हात लावत नाहीत, पण मी गावाला गेले की "मनीला घातलं का रे?" म्हणून नातवाला तीनदा विचारतात.

एक गोष्ट तर आपल्याच बाजूची निघाली. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 साली घरच्या मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणिज प्रथिनं भरपूर असलेलं चांगलं खाद्य दिल्यावर मांजरांनी मारून घरी आणलेल्या शिकारी 36 टक्क्यांनी घटल्या, आणि रोज पाच-दहा मिनिटं काठीला पीस बांधून खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा मात्र त्यात काही उपयोग दिसला नाही. दूध-भातावरच्या मांजराने चिमणी आणली की आपण तिलाच बोल लावतो!

नसबंदीवरूनही आपल्यात वाद होतो. छेद हा अतिचार आहे ना, असं पाठशाळेतल्या एका काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण हिंसेच्या व्याख्येत आचार्यांनी प्रमत्तयोग आधी ठेवलाय. भूल देऊन, जाणत्या हाताने, तिच्याच हितासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि रागाने कापलेला कान यांत फरक आहे. मांजर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, जेमतेम दोन महिन्यांत विते, आणि त्या पिल्लांतली किती चाकाखाली जातात ते आपण रस्त्यावर पाहतोच.

चौका लागतो त्या दिवशी मनी-पिंट्या सकाळपासून माडीवरच्या खोलीत, पाणी आणि मातीचा ट्रे यांच्यासह बंद. मुनींच्या पायांमधून जीव गेला तर अंतराय होतो, आणि पायांमधून जाणं हा तर मांजराचा आवडता उद्योग. एवढं बांधून घ्यायची तयारी नसेल, किंवा तो डबा घरात नकोच असेल, तर तसं स्वतःशी स्पष्ट म्हणा. मग पिल्लाला पोटभर खायला घालणारं दुसरं घर शोधा, आणि तोवर त्याला किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्या.