दंड फुगले, हात सुटले

रायपूरच्या रस्त्यांवर सध्या रागावलेल्या हनुमानाची गर्दी आहे. गाडीची मागची काच, टी-शर्ट, जिमचा फलक, सगळीकडे तेच: कपाळाला आठ्या, पोटावर सिक्स पॅक, दंडावर तटतटलेल्या शिरा. सुट्टीवर महाराष्ट्रात गेलो तरी हेच. या चित्राला माझा विरोध आहे, भक्त म्हणूनही आणि शिपाई म्हणूनही.

हे रूप प्राचीन नाही. आठ्यांचा तो भगवा-काळा चेहरा 2015 साली केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या करण आचार्य या तरुण चित्रकाराने काढला. इतर चित्रांत त्याच तोऱ्याला जोडलेले शरीर तर परदेशी. युजेन सँडो अंगाला पांढरी पावडर फासून ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहायचा. 1904 साली तो भारतातही येऊन गेला. शरीर बघण्यासाठी कमवायचे, ही कल्पना अशा खेळांतून आणि फोटोंतून पसरली. आपल्या तालमीत शरीर कुस्तीसाठी होते. पैलवानाला पोट असे आणि त्याची कुणाला लाज नसे. गावच्या वेशीवरचा मारुती शेंदराने इतका माखलेला असतो की त्याचे स्नायू दिसतच नाहीत. तरी त्याच्या बळाबद्दल गावाला कधी शंका आली नाही.

समर्थांनी सतराव्या शतकात अकरा मारुती स्थापले ते बलोपासनेसाठीच. चाफळला प्रताप मारुती आहे, पण रामासमोर हात जोडून उभा आहे तो दास मारुती. बळ कुणाच्या कामी यायचे, हे तिथे आधीच ठरलेले आहे. काचेवरच्या स्टिकरमध्ये मात्र राम नाहीच. मग तो राग नेमका कुणासाठी?

आता शिपायाचा हिशेब. भरतीच्या मैदानात 1.6 किलोमीटर धावणे, बीम, 9 फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स असते. दंडाच्या घेराला गुण नाहीत. शरीरसौष्ठवाच्या मंचावर शिरा उठून दिसाव्यात म्हणून अनेक जण आधी पाणी तोडतात. रायपूरच्या मे महिन्यात असा गडी गस्तीवर आडवा होईल आणि त्याला उचलायला आणखी चौघे अडकतील. पलटणीत शेवटच्या मैलापर्यंत टिकतो तो बहुधा सडपातळ, चिवट जवान.

काही जण म्हणतील, व्यसनापेक्षा जिम बरी. मान्य. घाम गाळण्याला माझा विरोध नाहीच. पण आरशासाठी कमावलेल्या शरीराला घाई असते. आधी पावडरचा डबा येतो, मग सुई येते.

1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, ते 57 किलो वजनगटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या या पैलवानाचा फोटो किती जिममध्ये दिसतो?

गावोगावी पोरांची भरतीची तयारी करून घेणाऱ्या माजी सैनिकांना एकच विनंती आहे. भिंतीवर खाशाबा लावा, आणि मारुती लावायचा तर हात जोडलेला लावा. पोरांनी बळ जरूर कमवावे. ते कुणासाठी, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जय हिंद.