घास अडतो तेव्हा

घशाखाली घास अडू लागला की आपल्या घरांतून बहुधा दोन उद्गार निघतात. ‘पित्त झाले असेल’ म्हणून कोणी आल्याचा रस देतो. ‘कर्करोगच असणार’ या धास्तीने कोणी मुलांपासूनही ते लपवितो. आम्हांस दोन्ही सारखेच घातक वाटतात. कारण दोहोंतही तपासणीआधीच रोगाचे नाव ठरलेले असते.

अन्ननलिकेतील काही विरळ गाठी आतल्या अस्तरात न उगवता त्याखालच्या थरांत वाढतात. त्यांत सर्वाधिक आढळणारी ‘लायोमायोमा’ ही स्नायूंची गाठ कर्करोगाची नव्हे. ती वर्षानुवर्षे संथपणे वाढते आणि लहान असेतो पुष्कळदा त्रासही देत नाही. त्याच जागी क्वचित ‘जिस्ट’ नावाची गाठ उद्भवते. तिच्या अंगी मात्र पसरण्याची शक्ती असते. दुर्बिणीतून पाहता दोहोंवरचे अस्तर बहुधा गुळगुळीतच दिसते. रूप एक, गुण भिन्न!

मग निवाडा कसा व्हावा? दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफी जोडलेल्या तपासणीने गाठ कोणत्या थरात आहे ते कळते, सी. टी. स्कॅनने तिचा विस्तार समजतो. जिस्टची शंका आल्यास सुईने नमुना घेतात. ‘सीडी ११७’ ही खूण जिस्टमध्ये बहुधा सापडते, लायोमायोमात सापडत नाही. लायोमायोमाचीच चिन्हे असतील तर तुकडा काढणे शक्यतो टाळतात. कारण त्या जखमेचा वण पुढे अस्तर न फाडता गाठ सोलून काढताना आड येतो. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसती नजर ठेवूनही भागते.

जिस्टमागील ‘किट’ या जनुकातील बिघाड हिरोता व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविला. तोवर अशा कित्येक गाठी स्नायूंच्याच समजल्या जात. खरे नाव कळले आणि काही वर्षांतच इमॅटिनिब हे औषध त्यांवर लागू पडले. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधावरील परदेशी कंपनीचा एकस्वाचा दावा फेटाळला आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

वाचकहो, अडणाऱ्या घासामागे अस्तराचा कर्करोगही असू शकतो. म्हणून दिरंगाई नको. घरातील वडीलधारे भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले, तर त्यांना कारण विचारावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. रोगाचे नाव तेथेच ठरू द्यावे.