गोबी मांचुरियनचा अपराध

म्हापशाच्या श्री देव बोडगेश्वराच्या जत्रेत जानेवारी २०२४ मध्ये नगरपालिकेने गोबी मांचुरियनच्या विक्रीस मज्जाव केला, तेव्हा परदेशांतील वृत्तपत्रांनाही एक गमतीचा विषय मिळाला. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्यापूर्वी २०२२ साली वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहाच्या फेरीतील अशा गाड्यांवर निर्बंध घालावेत, असे अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेस कळविले होते. म्हापशात पुढे करण्यात आलेली कारणे अस्वच्छता आणि कृत्रिम रंग ही होती.

ही कारणे पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. फ्लॉवरचे तुरे मैदा व कॉर्नफ्लोअरच्या पिठात बुडवून तळायचे आणि आले, लसूण, मिरची व सोया सॉसमध्ये घोळायचे, एवढीच ही पाककृती. तिच्यात तो डोळ्यांत भरणारा लालभडकपणा येतो कोठून, हा प्रश्न गाड्यापुढे पार्सलसाठी ताटकळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावयास हवा. मिरचीने एवढी लाली येत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

परंतु म्हणून शिक्षा फ्लॉवरला? हा पदार्थ चीनमधून आलेला नाही, आणि मांचुरियाशी त्याचे नाते नावापुरतेच. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मांचुरियन प्रथम केले, असे सांगितले जाते. गोबी हे त्याचे शाकाहारी भावंड. सोमवारी मासळी वर्ज्य करणाऱ्या आमच्या समाजात या भावंडाचे स्वागत झाले नसते तरच नवल! पाळी संपवून घरी परतणारा कामगार, खोलीवर राहणारा विद्यार्थी, जत्रेतून खाज्यांच्या पुडीबरोबर मुलांसाठी गरम पार्सल घेऊन निघालेली आई, यांना मोठ्या हॉटेलची पायरी चढणे परवडत नाही. स्वस्त खाणाऱ्याने निर्धोक अन्नाची अपेक्षा करू नये, असा काही नियम आहे काय?

शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये काय केले ते पाहावे. तेथे गोबी मांचुरियनचे १७१ नमुने तपासण्यात आले, त्यांपैकी १०७ नमुन्यांत अपायकारक कृत्रिम रंग आढळले. प्रमाण धक्कादायकच आहे. तरीही तेथील सरकारने बंदी घातली ती रंगांवर, पदार्थावर नव्हे. बेळगावचा गाडेवाला फ्लॉवर तळण्यास मोकळा राहिला. रंग घातला तर मात्र दंड आणि तुरुंगवास त्याच्या समोर उभा.

आमच्याकडे हेच उलट घडले. नमुना तपासण्यास माणूस लागतो, प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो. गाडा हटविण्यास एक ठराव पुरतो. आणि हटविलेल्या गाड्यावरचा तोच रंग उद्या लॉलीपॉपवर किंवा फ्राइड राइसवर चढला, तर पालिका त्यांच्यावरही एकेक ठराव संमत करणार आहे काय? गाड्यामागे राबणारा मनुष्य बहुधा हातावर पोट असलेला असतो. त्याला कोणता रंग निषिद्ध आणि तळणीचे तेल केव्हा टाकून द्यावे, हे परवाना हाती देतानाच कोणी मराठी-कोकणीत समजावून सांगितले आहे काय? जत्रेच्या पहिल्याच संध्याकाळी प्रशासनाची फिरती प्रयोगशाळा गाड्यांच्या रांगेत उभी करावी, नमुने घ्यावेत, आणि दोषी ठरेल त्याचा परवाना नावानिशी रद्द करावा. निर्दोष ठरेल त्याला मात्र सुखाने धंदा करू द्यावा.