कुलूप मुलाला की दुकानाला?

ऑनलाइन गेमचा विषय निघाला की घरात दोन बाजू पडतात. मोठी माणसे म्हणतात, बंदीच घाला. आपण म्हणतो, आम्हाला कळते, आम्हाला खेळू द्या. या भांडणात एक प्रश्न बाजूला राहतो. मुलांच्या रक्षणासाठी कायदा करायचा, तर त्याने धरायचे कोणाला? खेळणाऱ्या मुलाला, त्याच्या आईवडिलांना, की गेम विकणाऱ्याला? माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलांसाठी बंधने हवीत, पण कुलूप दुकानाला हवे.

आपल्याकडे सुरुवातीला खेळणाऱ्यालाच धरले गेले. मार्च २०१९ मध्ये गुजरातमधील राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळण्यावर बंदीचा आदेश काढला आणि तो मोडला म्हणून कॉलेजच्या मुलांना अटक केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात याच गेमवर बंदी मागणारी एक याचिका गेली. ती एका ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत केली होती. सगळी मुले गेमच्याच बाजूने असतात असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी देशभर बंद झाला, पण तो मुलांसाठी नव्हे. देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती हे कारण देऊन केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप बंद केली, त्यांत तो होता. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. या वेळी १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा अशी व्यवस्था होती. म्हणजे कुलूप मुलावरून पालकांकडे सरकले.

आता हे कुलूप घरात कसे चालते ते पाहा. माझा आत्येभाऊ सहावीत आहे. त्यांच्या घरी स्मार्टफोन एकच, आत्याचा. एका गेमने (तो कोणता, याला महत्त्व नाही) त्याला जन्मवर्ष विचारले. त्याने आत्याचे टाकले. खात्री करण्यासाठी ओटीपी आला, तो त्याच फोनवर. आत्या स्वयंपाकघरात होती. तिला काही कळायच्या आत तिची संमती देऊनही झाली. यात मुलाने फार मोठी हुशारी केली असे नाही. ज्याच्या हातात फोन, त्याच्याच हातात किल्ली, अशी ती रचनाच आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही पालकांची संमती आहे. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा भाग लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. मला यात दोन अडचणी दिसतात. पहिली, सात वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत उभे केले आहेत. आपल्यातले किती तरी जण साडेसोळाव्या वर्षी एनडीएला जाण्याची तयारी करत आहेत. देश ज्याला त्या वयात अकादमीत घेऊ शकतो, त्याला आणि दुसरीतल्या मुलाला एकच नियम कसा? दुसरी अडचण, कोण लहान आहे हे ठरवायचे तर कोण मोठा आहे हेही तपासावे लागणार, आणि त्यासाठी घराघरांतली ओळखपत्रे कंपन्यांकडे जाऊ शकतात. माहितीच्या रक्षणासाठी आणखी माहिती द्यायची, हे मला उलटे वाटते.

पण याच कायद्यात एक चांगली गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. बालकांवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्या वागण्याचा माग काढायचा नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असे बंधन तो कंपन्यांवर घालतो. काही अपवाद आहेत, पण दिशा बरोबर आहे. इथे कायदा मुलाला काही विचारत नाही, दुकानदाराला सांगतो.

अशीच दिशा ऑगस्ट २०२५ मध्ये दिसली. आपल्या शाळेपासून फार दूर नसलेल्या संसद भवनात ऑनलाइन गेमिंगचा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायचे गेम त्याने सर्वांसाठीच बंद केले. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला तर या कायद्याने खेळ म्हणून मान दिला आहे. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण पैशांचे गेम चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते लगेच बंद केले, हे आपण पाहिले. राजकोटमध्ये मुले चौकीत गेली होती. इथे दुकानाचे शटर खाली आले.

परदेशातला अनुभवही असाच आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. मुले आईवडिलांच्या नोंदणी क्रमांकावर खेळू लागली. शिवाय मोबाईलवरचे गेम या बंदीत नव्हते, आणि खेळ तर मोबाईलवर सरकला होता. शेवटी १ जानेवारी २०२२ पासून तो कायदा गेला. चीनने २०२१ मध्ये याहून कडक नियम केला. १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९, एवढाच एक तास. तिथेही मुले मोठ्यांची खाती वापरतात, म्हणून कंपन्या चेहरा तपासतात. एक तासासाठी रोज चेहरा दाखवायचा, असा देश मला नको आहे.

कोणी म्हणेल, मग आईवडिलांची काहीच जबाबदारी नाही का? आहे. पण आपल्या डॉर्ममधल्या घरांचाच विचार करा. कोणाचे वडील सीमेवर, कोणाची आई हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला, कोणाच्या घरी फक्त आजी. समोर आहे शेकडो हुशार माणसांनी मुलांना खिळवून ठेवण्यासाठी बनवलेला गेम. ही लढत बरोबरीची नाही. आपण एनसीसीत पॉइंट टू टू रायफलने फायरिंग करतो. त्यासाठी पालकांची सही घेतात. पण त्या सहीने गोळी थांबत नाही. रेंजवर लाल झेंडा लावणे, गोळ्या मोजून देणे, रिकामी काडतुसे मोजून घेणे, हे सगळे रेंज चालवणाऱ्याचे काम असते. ते त्याने केले नाही, तर कोणी सही दाखवून सुटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. वयाचे टप्पे करा: १३ पर्यंत, १३ ते १६ आणि १६ ते १८, प्रत्येक टप्प्याला थोडी जास्त मोकळीक. मुलाच्या खात्यावर रात्री १० नंतर गेमने बोलवायचे नाही. ‘तुझे मित्र खेळत आहेत, लवकर ये’ हा संदेश शाळेच्या आदल्या रात्री साडेअकराला येणे हा योगायोग नसतो. पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असले प्रकार मुलांच्या खात्यावर बंद करा. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले. आणि चौथी, नियम करताना मुलांनाही विचारा. आम्हाला कुठे ओढले जाते, ते आमच्याइतके कोणाला माहीत?

मित्रांनो, आपल्याला वाटेल, आपल्या शाळेत मोबाईलच नाही, आपल्याला याचे काय? पण शाळेतले कुलूप वर्षातून दोनदा उघडते. सुट्टीवरून परत आल्यावर पहिले तीन दिवस डॉर्ममध्ये कशाच्या गप्पा असतात आणि पहिल्या आठवड्यात पीटीला कोण धापा टाकतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. शाळेने फोन काढून घेतला म्हणजे मोह गेला, असे होत नाही. कुठे थांबायचे हे आपल्याला शिकावेच लागेल, आणि ते कोणताही कायदा शिकवणार नाही. पण शिकणाऱ्या मुलाला रात्री साडेअकराला कोणी हाका मारू नयेत, एवढे कायद्याने नक्की करावे. मला १८ व्हायला अजून तीन वर्षे आहेत. तोवर मतपेटी माझी नाही, म्हणून हे मासिकाच्या पानावर लिहिले.