टपालाचे शिक्के कुणाच्या कपाटात?

पत्रातील मजकूर परक्याने वाचू नये. पण ते कोठून आणि केव्हा निघाले, हे पाकिटावरचा शिक्का सांगतो. समाजमाध्यमांवरील प्रत्येक मजकुरालाही असे शिक्के असतात : तो कोणत्या क्षणी प्रसिद्ध झाला, कोणत्या भाषेत होता, किती जणांनी पुढे धाडला. या तपशिलास ‘मेटाडेटा’ म्हणतात. कंपनीने ठेवलेल्या ‘एपीआय’ नावाच्या खिडकीपाशी मागणी नोंदवावयाची व हे तपशील तक्त्यात उतरवून घ्यावयाचे, एवढे काम पायथॉन भाषेतील पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम करतो. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो शिकता येईल. प्रश्न कौशल्याचा नसून खिडकी उघडी आहे काय, हा आहे.

तिची गरज आपल्या जिल्ह्यात वेगळी सांगावयास नको. वाघाची एखादी चित्रफीत फिरू लागली, तर ती ताडोब्याच्या सीमेवरची की परप्रांतातील, आजची की जुनी, हे ठरण्यापूर्वीच घबराट भद्रावतीच्या खेड्यांत पोहोचते. अफवेची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी मोजली आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांचे प्राण घेतले. त्या काळातील अशा अफवा मुख्यतः व्हॉट्सॲपवरून पसरल्या. खासगी निरोपांचा माग या खिडकीतून लागत नाही, आणि लागूही नये. परंतु जे चव्हाट्यावर बोलले जाते, त्याचा हिशेब समाजाने का मागू नये?

हा हिशेब मागण्याची वाट मात्र अरुंद होत गेली. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये संशोधकांना दरमहा १ कोटी ट्विटे विनामूल्य पाहू देण्याची योजना काढली. मालकी बदलल्यानंतर, २०२३ मध्ये, ती बंद झाली. त्या वर्षी दरमहा १०० डॉलर मोजणाऱ्यास अवघी १० हजार ट्विटे वाचता येत. म्हणजे पूर्वीचा हजारावा हिस्सा, आणि तोही विकत! फेसबुकच्या सार्वजनिक मजकुराचा माग दाखविणारी ‘क्राउडटँगल’ ही सोय मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी मिटली. तिच्या जागी आलेल्या संग्रहात अर्ज मंजूर झालेल्या संशोधकांनाच प्रवेश आहे. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तेव्हा त्यांना घरोघरी प्रश्न विचारण्याचा हक्क कुणाकडून विकत घ्यावा लागला नव्हता. आज समाजाचे बोलणे समाजाचे आणि त्याची नोंदवही मात्र कंपनीची, असा उफराटा व्यवहार झाला आहे. यालाच अर्थशास्त्रात मक्तेदारी म्हणतात.

खिडकी सताड उघडण्यात धोका आहे, हा आक्षेप रास्त आहे. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गैरमार्गाने गेली असावी, असे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. म्हणून नियम हवेत : नावे गाळावीत, एकेका व्यक्तीचा पाठलाग नसावा, हेतू आधी जाहीर करावा. पण या कारणास्तव अभ्यासकालाच दाराबाहेर ठेवणे म्हणजे चोरीच्या भयाने ग्रंथालयास कुलूप लावणे होय.

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनास काही अटींवर सूट दिली आहे. परंतु कंपनीने माहिती द्यावी, असे बंधन घातलेले नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने बड्या माध्यमांवर तसे बंधन घातले आहे. भारतानेही ते घालावे. आणि त्याचा लाभ महानगरांतील मोजक्या संस्थांपुरता न राहता तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचावा. अफवा खेड्यापर्यंत फुकट पोहोचत असेल, तर तिची शहानिशा करण्याचे साधनही खेड्याला परवडणारे असले पाहिजे.