गाव गुरुवारी बघावं

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला चांदणी चौकातून मुळशीकडे निघालेल्या गाड्या नीट पाहिल्या, तर त्यातल्या काही सहलीला निघालेल्या नसतात हे लक्षात येतं. डॅशबोर्डवर प्लॉटच्या जाहिरातीचं घडी घातलेलं पत्रक असतं, मागे पेंगुळलेली दोन मुलं असतात आणि त्यांच्या आईच्या मोबाइलवर एजंटाने धाडलेलं लोकेशन. ही मंडळी गाव बघायला निघालेली असतात. कोथरूड, वारजे, नाहीतर पिंपळे सौदागर इथला दोन खोल्यांचा फ्लॅट, आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जावं लागेल अशी नोकरी, आणि मुलं शाळेत अडकायच्या आत त्यांना अंगण मिळालं पाहिजे हा ध्यास, एवढ्या भांडवलावर पुण्याच्या चारी दिशांना ही शोधयात्रा सुरू असते. पश्चिमेला भूगाव, पिरंगुट, पौड. दक्षिणेला डोणजे, खेड शिवापूर. दिवे घाट चढून सासवड. पूर्वेला उरुळी कांचन. लोकलच्या वाटेवर वडगाव, कान्हे, कामशेत.

रविवारी यातलं कुठलंही गाव कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेलं असतं. रस्ता मोकळा, कारखान्यांचे कंटेनर कमी, वीज असते, एजंट वेळेवर हजर. शाळा बंद असते, त्यामुळे ती कशी चालते हा प्रश्नच निघत नाही. समोर डोंगर दिसतो, मूल चिखलात उडी मारतं, बापाचे डोळे भरून येतात, आणि टोकन दिलं जातं.

पुणेकराला गुरुवारचं वेगळं सांगायला नको. पाणी बंद ठेवायचं तर गुरुवारी, महावितरणला फांद्या तोडायच्या तर गुरुवारी. शहरातून गाव बघायला जाणाऱ्याने म्हणूनच गुरुवारी जावं. दिवस उजाडताना पोचावं, संध्याकाळी परतावं. त्यातही जुलैतला गुरुवार मिळाला तर उत्तम.

सकाळी पहिल्यांदा बघायचं ते पाणी. गावाला पाणी आहे का, या प्रश्नाला कुठल्याही गावात नाही असं उत्तर मिळत नाही. पाणी असतंच. ते कुठून येतं, कोण शुद्ध करतं आणि किती माणसांसाठी आखलेलं आहे, हे विचारावं लागतं. जलजीवन मिशनच्या नळयोजना माणशी रोज 55 लिटर धरून आखतात. शहरासाठी हाच हिशेब 135 लिटरचा असतो. दोन-तीन हजार वस्तीच्या गावासाठी झालेल्या योजनेशेजारी बारा मजल्यांची दोन संकुलं उभी राहिली की बाकीचं पाणी टँकरने येतं. परवानगीच्या कागदांत पाण्याची जबाबदारी बिल्डरने हमीपत्रावर घेतलेली असते. घर विकून तो पुढच्या प्रकल्पावर गेला की ते हमीपत्र सोसायटीच्या फायलीत राहतं आणि टँकरचं बिल मेन्टेनन्समध्ये येतं.

हा काही नुसता गैरसोयीचा मामला नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायातलं बळ घालवणारा हा आजार एरवी क्वचित दिसतो. राज्यातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि त्यातले बहुतेक पुणे परिसरातले होते. तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित अन्नपाण्यातून तो पोटात जातो. मग सगळ्यांच्या नजरा नांदेड गावातल्या विहिरीकडे वळल्या. खडकवासल्याचं पाणी त्या विहिरीत येई, क्लोरीन मिसळून पुढे गावांना जाई, मधे जलशुद्धीकरण केंद्र नव्हतं. धरण डोळ्यांसमोर आणि शुद्ध पाणी नाही, असा तो प्रकार.

आणि ही गावं तेव्हा नावापुरतीच गावं होती. पुणे महापालिकेने 2017 मध्ये 11 गावं पोटात घेतली, 2021 च्या जूनअखेर आणखी 23. त्याआधी 1997 साली 38 गावं घेऊन पुढे त्यातली काही परत सोडलेलीही होती. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नांदोशी ही 2021 च्या यादीतली. ग्रामपंचायत गेली म्हणजे सरपंच गेला, ग्रामसभा गेली. त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा होता. पण 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. पाण्याला वास येतोय हे सांगायला कुणाच्या दारात जायचं, याचं उत्तर त्या काळात तिथे राहायला गेलेल्या आईबापांकडे नव्हतं. गाव निवडताना लोक शहरापासूनचं अंतर मोजतात. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की हे गाव सध्या कुणाचं आहे: ग्रामपंचायतीचं, महापालिकेचं, की पीएमआरडीए या विकास प्राधिकरणाच्या नकाशातल्या रंगाचं? आणि मूल दहावीला जाईपर्यंत ते कुणाचं झालेलं असेल?

फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांच्याइतकी ही धरसोड कुणी भोगली नसेल. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या हद्दीत पडत आला. 2017 च्या एप्रिलमध्ये त्या ढिगाऱ्याला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या कचरागाड्या अडवल्या. त्याच वर्षी ही गावं महापालिकेत आली, आणि 2024 मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. सात वर्षांत तीन मालक. बालवाडीत घातलेलं मूल तोवर पाचवी-सहावीत गेलेलं नसतं का? गेलेलं असतं, आणि घरपट्टीच्या पावतीवरचं नाव दर खेपेला बदललेलं असतं.

ग्रामपंचायत शिल्लक असेल तर निदान विचारायला जागा असते. तिथे जलसुरक्षक नावाचा माणूस असतो. टाकीत टीसीएल पावडर टाकणं आणि नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेणं हे त्याचं काम. त्याची वही मागून बघावी. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, एवढं समजायला रसायनशास्त्र लागत नाही. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल म्हणजे धोका. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. पुण्यातून गाव बघायला येणारा माणूस स्विमिंग पूलची लांबी विचारतो. गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं, हे विचारलेला अजून ऐकिवात नाही.

साडेनऊ-दहा वाजता शाळा. इथे शहरी पालकांची बुद्धी दोन टोकांना जाते. एक टोक म्हणतं, गावात राहायचं म्हणजे हवेपुरतं. शाळा शहरातली इंग्रजी माध्यमाचीच. मग चार वर्षांचं मूल ज्या बसमध्ये बसतं ती भूगावच्या अरुंद रस्त्यातल्या कोंडीत थांबते, चांदणी चौक ओलांडते आणि कोथरूडला, म्हणजे जिथून ते घर सोडून आले तिथेच, त्याला उतरवते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं राज्य सरकारने 2024 मध्ये ठरवलं ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. ती वाचलेली झोप इथे बसमध्ये जाते. अंगण मिळालं खरं, पण ते उजेडात बघायला मूल घरी नाही.

दुसरं टोक म्हणतं, आम्ही जिल्हा परिषदेच्याच शाळेत घालणार. हे धाडसाचं आहे आणि कधीकधी फार शहाणपणाचंही. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा गावकरी आणि शिक्षकांनी मिळून अशी उभी केली की तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. तिथून गाजलेले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले आणि 2025 मध्ये तीही छोटीशी शाळा जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीत झळकली. पण यातून निघणारी मेख पालकांनी ध्यानात घ्यावी: एका शिक्षकाच्या बदलीने शाळेचं नशीब फिरतं. तेव्हा इमारत बघू नये, आणि डिजिटल वर्गाचा फलक तर मुळीच नाही. पट किती, शिक्षक किती, पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते का, आणि बाई शेवटच्या कधी बदलून आल्या, हे विचारावं. चहाच्या टपरीवर या चारही प्रश्नांची उत्तरं फुकट मिळतात.

शाळेच्या वाटेवर अंगणवाडी लागते. ती आपल्यासाठी नाही, असा एक गैरसमज फ्लॅटमधून आलेल्यांचा असतो. लसीकरणाचा ठरलेला दिवस, मुलाचं वजन-उंची, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे गावातल्या प्रत्येक घराची खबर, हे अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई यांच्याकडे असतं. बाळ रात्री फणफणलं तर कुठला डॉक्टर दार उघडतो, हे आशाताई सांगतील ते गूगल सांगणार नाही.

डॉक्टरचा हिशेबही कोरडा करून ठेवलेला बरा. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर 30,000 वस्तीला एक, डोंगराळ भागात 20,000 ला एक, असा निकष आहे. मुळशी, भोर, मावळच्या डोंगरात ते केंद्र कुठल्या तरी तिसऱ्याच गावात असतं. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून आहे आणि डॉक्टरसह येते. मात्र ती पोचायला लागणारा वेळ रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर मोजता येत नाही. शिवाय सर्पदंशाची लस केंद्रात आहे का आणि रात्री ती द्यायला कुणी आहे का, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश धड दुखतही नाही. मूल पोटात दुखतंय म्हणतं आणि आईबाप अपचन समजतात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत जे काम उभं केलं ते याच जिल्ह्यात. गावात राहायचं तर पलंग, मच्छरदाणी आणि बॅटरी यांवर खर्च आधी करावा, झोपाळ्यावर नंतर.

उत्तरेकडे आणखी एक शेजारी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत कालव्यांनी ऊस आणला आणि उसाने बिबट्या वस्तीला आणला. त्याची पिल्लंही उसातच जन्मतात. जंगल त्यांनी पाहिलेलं नसतं. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह तिघांचे बळी गेले. गाजलेल्या त्या दोन शाळा याच तालुक्यांतल्या आहेत, हे विसरून चालत नाही. म्हणून तिकडे जाऊच नये असं कुणी म्हणणार नाही. तिथली हजारो मुलं रोज शाळेत जातातच. फक्त घर उसाच्या बांधाला लागून नको, आणि तिन्हीसांजेला मूल अंगणात एकटं नको. म्हणजे ज्या अंगणासाठी एवढा खटाटोप केला, त्याला वेळेचं बंधन आलं.

जमिनीच्या कागदांवर इथे फार लिहीत नाही. त्यासाठी वकील आहे. एवढंच की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि अकराजणांच्या नावावर अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत दाखवून "सर, सगळे असंच घेतात" म्हणणाऱ्या एजंटाला पहिला नमस्कार घालून उठावं. पुरंदरमध्ये गाव बघणाऱ्यांनी नियोजित विमानतळाच्या सात गावांची नावंही वाचून ठेवावीत. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव: तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आपल्याच जमिनीसाठी रस्त्यावर उतरली, तिथे नवख्याच्या प्लॉटची काय कथा.

मग उरतो तो मुलांचा स्वतःचा हिशेब, आणि तो कुणी विचारत नाही. चार वर्षांच्या पोराला डोंगराचं कौतुक नसतं. त्याला दुसरं पोर लागतं. गावाबाहेर टेकडीवर एकटं उभं असलेलं बंगलेवजा घर फोटोत सुंदर दिसतं. त्या घरातलं मूल दुपारभर टीव्हीसमोर असतं. गावठाणाला खेटून घर घेतलं तर कोंबड्याच्या आधी भजनाचा भोंगा उठवतो, लग्नसराईत डीजे छाती हलवतो, पण पाच वाजता दारात चार पोरं येऊन उभी राहतात. त्यांच्या संगतीने महिन्याभरात मूल "व्हय", "न्हाय" करू लागतं आणि शहरातली आजी व्हिडिओ कॉलवर चपापते. काही आईबापांना तेव्हा एकदम संकुलाचं फाटक आणि आतला क्लब हाउस आठवतो. गाव हवं पण गावची भाषा नको, असं म्हणणाऱ्यांनी कोथरूडातच राहावं, हे जरा कडक वाटेल. पण कोथरूडही एके काळी गावच होतं, हे तिथल्या जुन्या वाड्यांतले लोक अजून सांगतात.

ज्यांनी हे नीट केलं त्यांनी विकत काहीच घेतलं नाही, निदान पहिल्या वर्षी. अकरा महिन्यांचा भाडेकरार करायचा, तो जूनमध्ये सुरू करायचा, म्हणजे पावसाळा पुरा अनुभवायला मिळतो. घाटमाथ्याजवळचं गाव असेल तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि वीज एका झाडासरशी दोन दिवस जाते. शिरूर-दौंडकडचं असेल तर मार्चपासून बादल्या मोजाव्या लागतात. लोकलच्या वाटेवर असेल तर दुपारी दोन गाड्यांच्या मधे किती वेळ जातो ते कळतं. तोवर शहरातला फ्लॅट भाड्याने द्यायचा, विकायचा नाही. मतदार यादीत नाव मात्र लगेच घालून घ्यायचं, कारण ग्रामसभेत बोलायचं तर गावचा मतदार असावं लागतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरते. खुर्च्या कमी असतात, नवे लोक मागे उभे राहतात, मुलं पुढे सतरंजीवर बसून खाऊच्या पुड्या फोडत असतात. विषयपत्रिकेवरचा पाण्याचा विषय येईपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. तेव्हा बसून राहायचं.