टेकायचे नाही, तर उशी कशाला?

जुन्या जपानी कापडाच्या उशा सोफ्यावर मांडून पाहुण्यांना टेकू न देणाऱ्या यजमानांशी माझे उघड भांडण आहे. "जरा सांभाळून हं, हाताने शिवलीय!" अहो, हाताने शिवलीय म्हणूनच टिकेल ती!

ज्या कापडाचे एवढे सोवळे, त्याची कुळकथा तरी ऐका. किमोनोचा तागा जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर लांब. कात्री चालते ती सरळ रेषेत. पूर्वी किमोनो मळला की उसवायचा, पट्टे धुऊन, ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचा. विरला की त्याची बसायच्या उशीला खोळ, मग बाळाचे लंगोट, शेवटी फडके! सूत आधी बांधून निळीत रंगवायचे आणि मग विणायचे, ते 'कासुरी' तर शेतकऱ्यांच्या रोजच्या अंगावरचे. आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथल्या बायका चिंधीवर चिंधी ठेवून धावदोरा घालीत. त्यालाच आज 'बोरो' म्हणून सोन्याचा भाव!

ज्याने चिखल, घाम आणि हिवाळे सोसले, ते कापड माझ्या पाठीने विटाळणार?

जुने रेशीम चिरते, हे कबूल. मग ते चौकटीत घालून भिंतीवर लावा; मी लांबून नमस्कार करीन. पण सोफ्यावर ठेवाल, तर मी टेकणार. त्या धावदोरेवाल्या बाईची मला परवानगी आहे. आणा चहा!